पट्टेवाल्यांची गाडी

सासुरवाडीला गेलेल्या जावयाने दुपारचं जेवण झालं की गुमान आडवं व्हावं. त्यात त्याचंही भलं असतं आणि घरातल्या वस्तूंचंही. पण काही जावयांच्या अंगात उपयोगी पडण्याची खुमखुमी असते, आणि हा जावई नेमका त्यांच्यातला होता.

त्या शनिवारी सासरे आतल्या खोलीत पडले होते. सासूबाई आणि त्यांची लेक, म्हणजे जावयाची बायको, स्वयंपाकघरात कुणाच्या तरी ठरलेल्या लग्नाची चिरफाड करत बसल्या होत्या. जावई मागच्या पायरीवर बसून परसातल्या गवताकडे पाहत होता. गवत घोट्याच्या वर आलं होतं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सासऱ्यांची गवत कापायची गाडी उभी होती. बसून चालवायची, चार चाकांची, पोटाखाली गरगर फिरणारं पातं असलेली, आणि एके काळी लाल असावी असा संशय येईल एवढाच रंग उरलेली. किल्ली तिलाच लटकत होती. आपण गवत कापून ठेवावं, सासरे झोपेतून उठून दारात येतील, परस बघतील, आणि मग... त्या 'आणि मग'च्या पुढचं जावयाने मनातल्या मनात बरंच रंगवलं.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दोन-चार हात गवत कापलंही गेलं. पुढच्या हाताला तिच्या पोटातून ठाण् असा आवाज आला, सगळी गाडी एकदा शहारली आणि जागच्या जागी गप्प झाली. कपडे वाळत घालायची जुनी तार कधीच गेली होती, पण तिची लोखंडी खुंटी गवतात तशीच दडून बसली होती. इतकी वर्षं ती जणू या जावयाचीच वाट पाहत होती.

आवाजाने सासरे दारात आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"आधी चालून बघितलं होतं?"

"कुठे चालून, बाबा?"

सासरे आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवे झाले. जावयाला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं. पण जावयाला शिव्या देता येत नाहीत, ही सासऱ्यांची अडचण होती. बायकोला ती अडचण नव्हती. तिने संध्याकाळपर्यंत वडिलांच्या वाटचंही काम उरकून टाकलं.

'आधी चालायचं, मग बसायचं' हा सासऱ्यांच्या आयुष्यातला एकमेव नियम. गवतावर गाडी घालण्याआधी ते सगळं गवत पायाखालून घालायचं. दगड, बाटल्या, खिळे, काय असेल ते वेचायचं, आणि मगच सीटवर बसायचं. हा नियम त्यांनी गावाबाहेरच्या दोऱ्याच्या कारखान्यात घालून घेतला. कारखान्याचं एक मोठं मैदान होतं. कामगारांचे फुटबॉलचे सामने तिथे व्हायचे. रंगखाते विरुद्ध रिळखाते म्हटलं की दोन दिवस दोन्ही खात्यांत काम कमी आणि दम देणं जास्त. त्या मैदानाचं गवत राखायला सासरे होते. गाडी एका दिशेने नेली की गवत पुढे झुकतं आणि उजळ दिसतं. परत येताना उलटं झुकतं आणि गडद दिसतं. असे उजळ-गडद पट्टे ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पाडायचे, ताणलेल्या दोऱ्यासारखे सरळ. म्हणून कारखान्यात त्यांना पट्टेवाले म्हणत. नवीन आलेला एखादा साहेब त्यांना शिपाई समजून चहा आणायला सांगायचा. ते चहा आणून द्यायचे आणि परत मैदानात जायचे. वाद घालण्यात वेळ गेला असता आणि तेवढ्यात ऊन चढलं असतं.

पुढे कारखाना बंद पडला. शेवटचा पगार कुणाला पूर्ण मिळाला नाही. मालकाने सांगितलं, जे दिसेल ते हिशोबात घेऊन जा. कुणी कपाट नेलं, कुणी पंखे नेले, एकाने भिंतीवरचं घड्याळ नेलं, ते आजही त्याच्या घरी कारखान्याची वेळ दाखवतं. पट्टेवाल्यांनी गाडी नेली.

आता गाडी घरी आली, पण मैदान काही घरी आणता येत नाही. परस म्हणाल तर दोन चादरी पसरल्या की संपला. त्यात ती गाडी म्हणजे न्हाणीघरात हत्ती. शेडमधून बाहेर काढायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्म्यात गवत संपायचं. सासऱ्यांनी शेजाऱ्यांचे परस मागून घेतले. "तुमचं गवत वाढलंय" असं ते लोकांना दारात जाऊन सांगायचे, जसं काही शेजाऱ्याच्या तब्येतीबद्दल सांगत आहेत. पैसे घेत नसत. सासूबाई गाडीला 'धाकटी' म्हणायच्या. "तुमच्या धाकटीला आंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या," अशी हाक रोज जायची. एकदा जावयाने विचारलं होतं की बाबा, इथे पट्टे का नाही पाडत? ते म्हणाले, "पट्ट्याला लांबी लागते." आणि खिशातली सुपारी शोधायला लागले. ते सुपारी खात नसत.

हे सगळं एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण त्या शनिवारच्या आठवडाभर आधी कारखान्याच्या रखवालदाराचा फोन आला होता. हा रखवालदार एके काळी रंगखात्याचा गोलरक्षक. त्याने सांगितलं की मैदान विकलं गेलंय, अमुक सोमवारी खोदणारे येतील. उंच झालेलं गवत त्याने एका गाईवाल्याला कापून न्यायला दिलं होतं, आता पोटरीएवढंच उरलं होतं. सोमवारच्या आदल्या दिवशी फाटकावर तो एकटाच असणार होता. यायचं असेल तर या, म्हणाला, मी झोपलेला असेन. तेव्हापासून सासरे गाडीचा एकेक स्क्रू पुसत होते. खुंटीवर गाडी घातली तेव्हा तो रविवार आठ दिवसांवर आला होता, आणि जावयाला यातलं काही माहीत नव्हतं. ते त्याला बायकोने सांगितलं, आणि सांगताना ती रडली. तेव्हा जावयाला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी जावयाने फिटरला बोलावलं. फिटरचं दुकान नाक्यावर होतं. स्कूटरी, पंप, जनित्र, काय वाटेल ते दुरुस्त करायचा. स्वभावाने भला, पण प्रत्येक निदान तो शंभर टक्के करायचा. त्याने दोन वेळा चावी फिरवली. इंजिनाने एक उलटा झटका दिला, नळीतून फट् करून धूर सोडला आणि पुन्हा गप्प.

"कार्बोरेटर," फिटर म्हणाला. "शंभर टक्के."

कार्बोरेटर उघडून साफ झाला, पेट्रोल बदललं, आत एक नवीन रबर बसलं. इंजिनाने उलटा झटका दिला, फट् केलं. मग शंभर टक्के प्लग. नवा प्लग आला. ठिणगी अशी लखलखीत पडत होती की सासूबाईंनी लांबूनच हात जोडले. पण इंजिन ढिम्म. बुधवारी शंभर टक्के कॉईल झाली. जावयाने हळूच हिशोब केला, तीनशे टक्के झाले होते आणि गाडी होती तिथेच होती. मधल्या वेळेत त्याने हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात चौकशी केली. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने गाडीचं वय ऐकलं आणि दुखवटा पाळावा तसा चेहरा केला. म्हणाला, नवीन इंजिन टाका. त्या इंजिनाच्या किमतीत ही गाडी, शेड आणि थोडा परस आला असता.

सासऱ्यांचं स्वतःचं निदान निराळंच होतं. त्यांच्या मते वाल्व. इतकी वर्षं जिच्यावर बसलो तिचं दुखणं मला कळणार नाही का, असा त्यांचा भाव. त्यांनी गुरुवारी इंजिनाचं डोकं उघडलं, नट-बोल्ट धुवायला पीठ मळायची परात घेतली, आणि सासूबाईंनी त्या परातीवरून जे काही सुनावलं ते ऐकून शेजारचा माणूस खिडकी लावून घ्यायला उठला. वाल्व उत्तम होते. सासऱ्यांनी ते पुन्हा जसेच्या तसे बसवले.

त्या दिवशी जावई कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला शेड दिसत होती. सासरे बंद गाडीवर बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय जागच्या जागी. समोर पत्र्याची भिंत, नाकापासून हातभर अंतरावर. तिच्याकडे ते असे पाहत होते जशी ती फार लांब आहे. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि खांद्यावरून मागे पाहिलं. पट्टा सरळ आला का ते बघायला माणूस बघतो तसं. मागे केरसुणी होती आणि रिकामं पिंप. तेवढ्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि पुन्हा पुढे पाहायला लागले.

जावई खिडकीपासून बाजूला झाला. सासूबाई त्याच्या मागेच उभ्या होत्या, हातात लाटणं. त्यांनीही पाहिलं होतं.

"मोडली तेव्हा मला बरंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सुटले एकदाची." मग डाळीच्या डब्याच्या तळाशी हात घालून त्यांनी एक पुरचुंडी काढली आणि जावयाच्या मुठीत कोंबली. "फिटरला द्या. यांना कळता कामा नये."

जावई दुकानात गेला तेव्हा स्वतःचे पैसे घेऊनच निघाला होता. त्याने दोन्ही मिळून फिटरसमोर ठेवले, कुणाचे किती ते सांगितलं आणि म्हणाला, घरात कुणाला सांगू नका. फिटरने डोकं खाजवलं. म्हणाला, "साहेब, काल तुमचे सासरेबुवा येऊन देऊन गेले. जावयाला सांगायचं नाही म्हणून. आता तिघांचे झाले आणि तिघांनी शपथ घातलीय. परत कुणाचे करू? एकाचे परत केले की बाकीच्या दोघांना कळलंच."

या युक्तिवादात कुठेतरी भोक होतं, पण जावयाला ते सापडेना.

दोष सापडला तो शुक्रवारी, आणि कुणाच्या हुशारीने नाही. कॉईल परत काढताना फिटरच्या हातून एक वॉशर इंजिनावरच्या जड चाकाखाली गेला. तो काढायला चाक उतरवावं लागलं. चाक आणि त्याच्यातला दांडा यांच्यामध्ये एक खिट्टी असते, मऊ धातूची, बोटाच्या पेराएवढीही नाही. ती अर्धी कातरली गेली होती. पातं खुंटीवर आपटून दांडा अचानक थांबला, जड चाकाला तेवढ्या घाईत थांबता आलं नाही, खिट्टी मधल्या मधे चिरडली आणि चाक केसभर सरकलं. पेट्रोल ठीक, ठिणगी ठीक, वाल्व ठीक. फक्त ठिणगी पडायची वेळ चुकत होती. म्हणून तो उलटा झटका.

"ही असतेच मोडायला," फिटर म्हणाला. "ही मोडली नसती तर दांडा वाकला असता. मग शंभर टक्के भंगार." आणि पहिल्यांदाच त्याच्या शंभर टक्क्यांवर जावयाचा विश्वास बसला.

त्या खिट्टीची किंमत एका चहापेक्षा कमी निघाली. बिल मात्र हातभर लांब झालं, कारण त्यात जे जे बिघडलं नव्हतं त्या सगळ्याची दुरुस्ती होती. तरी तिघांचे पैसे पुरून उरलेच. फिटर मनाचा सरळ माणूस. उरलेले पैसे खिशात घालणं त्याच्याने होईना आणि परत करायची तर सोय नव्हती. म्हणून त्याने नवं पातं टाकलं, पातं फिरवणारा नवा रबरी पट्टा टाकला, आणि तरीही उरले तेव्हा नवी कोरी सीट टाकली. शनिवारी गाडी घरी आणली. चावी फिरवल्याबरोबर ती अशी गुरगुरली की सासूबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"इंजिन उघडलंय," फिटरने बजावलं. "उद्या चालवून झालं की लगेच तेल बदला. विसरू नका, नाहीतर पुन्हा मलाच शिव्या."

सासरे गाडीवर बसले आणि लगेच उतरले.

"माझी सीट?"

"अहो, फाटली होती ती," सासूबाई म्हणाल्या. "ही किती मऊ आहे बघा."

"माझी सीट कुठेय?"

फिटरने ती दुकानातल्या स्टुलावर ठोकली होती. जावई स्कूटरवरून गेला तेव्हा तिच्यावर एक गिऱ्हाईक चहा पीत बसलं होतं. त्याला उठवून, खिळे उपसून, जावयाने सीट मांडीवर घेतली आणि घरी आला. एवढ्या वर्षांत त्या सीटला मधोमध एक खळगा पडला होता. त्यात सासरे असे बसले जसं पेटीत चष्मा बसतो. मग विषय संपला.

रविवारी सकाळी टेम्पोत गाडी, पुढे ड्रायव्हर आणि सासरे, मागे स्कूटरवर जावई आणि बायको. निघताना सासूबाई चहाची किटली घेऊन टेम्पोपाशी येऊन उभ्या राहिल्या. सासरे बघतच राहिले.

"सरका थोडं," त्या म्हणाल्या.

रखवालदार खरोखरच खुर्चीत डोळे मिटून बसला होता. फाटकाचं कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. आत कारखान्याच्या काचा फुटक्या, भिंतीतून झाडं उगवलेली, आणि त्या सगळ्याच्या पुढे ते मैदान. गंजलेले गोलचे खांब वाकून एकमेकांकडे बघत होते. सासरे फाटकापाशीच थांबले. गुडघा धरला होता की श्वास, ते जावयाला कळलं नाही.

गुडघा दोन वर्षांपासून दगा देत होता. एवढं मैदान चालून बघणं आता त्यांच्याने होणार नव्हतं, आणि चालल्याशिवाय ते बसणार नव्हते. गाडी उतरवली तशीच उभी राहिली. मग जावयाने रखवालदाराच्या खोलीतून सासऱ्यांना एक खुर्ची आणि स्वतःला बादली आणली आणि मैदानाच्या कडेने चालायला सुरुवात केली.

सासरे खुर्चीवर बसून काठीने दाखवत होते. "डावीकडे. मागे. अहो मागे." बाटल्या निघाल्या, विटा निघाल्या, एक बूट निघाला, गाईच्या गळ्यातली घंटा निघाली. जावयाचं कचेरीतलं पाऊल, चिखलात रुतायची सवय नाही. त्याची बायको थोडा वेळ हसली, मग चपला काढून ठेवून दुसऱ्या बाजूने तीही चालायला लागली. लहानपणी ती वडिलांच्या पट्ट्यांवर धावायची, उजळ पट्ट्यावरून जायची आणि गडद पट्ट्यावरून यायची. चुकीच्या पट्ट्यावर पाय पडला तर पुन्हा पहिल्यापासून. हे तिने नवऱ्याला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मैदानाच्या मधोमध दोघांची गाठ पडली तेव्हा सांगितलं.

बादली सात-आठ वेळा भरली असेल. मग सासरे उठले, आपल्या सीटवर बसले आणि निघाले.

पहिला पट्टा पार टोकाला गेला, तिथून वळला, दुसरा परत आला. गाडीचा आवाज कारखान्याच्या रिकाम्या भिंतींवर आपटून परत येत होता, आतही कुणीतरी काम करत असल्यासारखा. रखवालदाराने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले नाहीत. प्रत्येक टोकाला सासरे वळायचे, आणि वळण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघायचे. या वेळी मागे केरसुणी नव्हती.

शेवटचा पट्टा संपवून सासरे खुर्चीवर येऊन बसले तेव्हा ऊन चढलं होतं. सगळं मैदान उजळ-गडद, उजळ-गडद, त्या टोकाच्या भिंतीपर्यंत. सासूबाई किटलीचं झाकण हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"असं दिसायचं होय," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत मला एकदा आणलं नाहीत."

"तू म्हणाली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

सासऱ्यांनी यावर विचार केला, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी खुर्चीवरून उठले. त्या बसल्या. ते शेजारी काठी टेकून उभे राहिले. चहा निवून गेला, तोच सगळ्यांनी प्यायला. उद्या याच वेळी इथे खोदणारे असतील. रखवालदार म्हणाला की पट्टेवाले, सामन्याच्या दिवशी दिसायचं तसंच दिसतंय, आणि नाक शिंकरायला भिंतीमागे गेला.

गाडी टेम्पोत चढवली. फाटकाला पुन्हा कुलूप अडकलं, या वेळी दाबून. सासरे परत वळून बघतील असं जावयाला वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही. ते गाडीचं इंजिन हाताने चाचपत होते, ताप आहे का बघावं तसं. जावयाला राहवेना. घरी परस दोन चादरींचा. शेजाऱ्यांनीही आता फरशा घालून घेतल्या होत्या. गाडी अगदी ठणठणीत, नव्यासारखी, आणि जगात तिला जायला जागा नाही. असं काही विचारू नये हे त्याला कळत होतं, पण न विचारता गप्प बसणं त्याला आजवर जमलं नव्हतं.

"बाबा, आता हिचं काय करायचं?"

सासऱ्यांनी फडक्याला हात पुसले.

"तेल बदलायचं."